मखमली फूल आणि आईचे तूप

शहादे, पौष वद्य पंचमी

राजमान्य राजेश्री इंदरमलजी यांसी नथमलचा जय जिनेंद्र. पुण्याच्या थंडीत आपले गुडघे कसे आहेत ते कळवावे. इकडे सर्वांची प्रकृती ठीक, आईची सोडून. त्याचे कारण आपण पाठविलेली कुंडी. पत्र मुद्दाम मराठीत लिहितो. मारवाडी अक्षर आई वाचते, मराठी वाचत नाही. आपण घरचे जावई, माझ्या बहिणीचे यजमान. आपल्याला बोल लावण्याची आमची छाती नाही. तरी यापुढे मुळे असलेली कोणतीही वस्तू पाठवू नये.

श्रावणात कुंडी आली तेव्हा घर हरखले होते. ग्लॉक्सिनिया हे नाव कोणालाच पेलले नाही, म्हणून सगळे 'पुण्याचे फूल' म्हणू लागले. सोबत बहीण रूपकंवरची चिठ्ठी होती, की फुले आहेत तोवर येऊन जाईन. फुले जांभळी, आतून ठिपक्यांची, पूजेच्या घंटेएवढी. पाकळी अगदी मखमल. तीच अडचण झाली. मी कुंडी आपल्या कापडाच्या दुकानात गादीशेजारी ठेवली (शोभेसाठी, दुसरा हेतू नव्हता), तर कळसाडीच्या रुक्मिणीबाईंनी पाकळी चिमटीत धरून विचारले, "शेठ, या मखमलना वारले काय भाव शे?" फूल आहे म्हटल्यावर म्हणाल्या, "इकानं नही ते दुकानमा काबर मांडं?" आणि काही न घेता गेल्या. ओसरीवर शिलाई मशीन चालवणारा मेहबूब तेव्हापासून रोज मला फुलाचा भाव विचारी. शेवटी कुंडी आईच्या खोलीत गेली. माळ जपताना ती तिकडे पाहत बसे.

भाद्रपदात अखेरचे फूल गळाले, त्या दिवशी आईने तूप सोडले. कार्तिकात शेवटचे पान गळाले, तेव्हा संध्याकाळचे जेवण सोडले. चातुर्मास संपला, गावातले उपास सुटले, हिचा चालूच. विचारण्याची सोय नाही. व्रताचे कारण बोलले की फळ जाते, असे तिचे मत (आणि तिचे मत हेच आमच्या घरी शास्त्र). पण न कळण्याजोगे त्यात काय होते? पाणी रोज तीच घालीत होती. आपल्या हातून जीव गेला, त्याचे हे प्रायश्चित्त. वय बहात्तर. मेहबूबने तिचे पोलके दोनदा उसवून आवळले.

परवा गादीखाली आपण कुंडीबरोबर पाठविलेले चोपडे सापडले. त्यात लिहिले आहे की झाड मरत नाही, हिवाळ्यात झोपते. मातीत बटाट्यासारखा कंद असतो. आनंदाने आईला सांगायला निघालो आणि उंबऱ्यावर थांबलो. ज्या घरात साठ वर्षांत कांदा आलेला नाही, तिथे तिच्या उशाशी सहा महिने कंद. झाड म्हटले तर एका जीवाचे प्रायश्चित्त. कंद म्हटले की आपल्या धर्माप्रमाणे त्यात अनंत जीव, मग उपास किती, हे स्थानकातल्या साधू महाराजसाहेबांनाही सांगता येणार नाही. बरे, तो जिवंत आहे असे दाखवावे तर खणावा लागणार, आणि खणणे हीच हिंसा. न खणावे तर फाल्गुनात कोंब येईपर्यंत काही कळत नाही. आई फाल्गुनापर्यंत निभेल की नाही, ही माझी काळजी. तरी तिला कोणत्या शब्दांत सांगावे, ते उलट टपाली कळवावे.

लोभ आहेच. तो कुंडीतून पाठवू नये.

आपला,
नथमल

ता. क. हे पत्र गादीवर ठेवून जेवायला गेलो. परत आलो तो मेहबूब आईला ते वाचून दाखवीत होता. "मी काय करू, शेठ? मांजी म्हने वाच. मी वाची दिधं." आई शांत होती. कंद आहे हे तिला कुंडी आली त्याच दिवशी, मातीत बोट घातल्यावर कळले होते. तुम्ही खात नाही ना, म्हणाली, मग झोपू दे त्याला. तर उपास कशाचा, असे मी विचारले (जन्मात प्रथमच). "लिख्यो हो, फूल है जितै आवूंली. फूल गयो. छोरी कठै?" मुलीला पाठवा, असे जावयाला आपण होऊन लिहायचे नाही, म्हणून तिने जेवण सोडले होते.

ता. क. दुसरा. मला तशी अडचण नाही. रूपकंवरला पाठवावे. नंदुरबार स्टेशनावर मी स्वतः येतो.

ता. क. तिसरा. आई विचारते, तेच फूल तांबड्या रंगात मिळते काय? मिळाल्यास रूपकंवरबरोबर द्यावे. मुळांसकट.