आधी कोणता डबा

१ ऑक्टो.
खंडेनवमी. आमच्या हॉटेलातली बियर बनवायची सगळी यंत्रं धुतली. उस्तादांनी, म्हणजे विलासदादांनी, पूजा माझ्यावर सोडली. टाक्या, पाइप, हॉप्सचे, म्हणजे बियरला कडूपणा नि वास देणाऱ्या फुलांच्या गोळ्यांचे, दोन्ही डबे तारेच्या घासणीनं लखलखीत केले. कुंकू, झेंडू. दादा खूश. संध्याकाळी कन्नडला गावी गेले. जाताना म्हणाले, "परवाचा माल तूच शिजव. कडवट हॉप्स आधी, वासाचे शेवटी." वेल्डिंग, टूरिस्ट गाडी, मोबाइलचं दुकान... इतकं फिरलो, एवढं कुणी सोपवलं नव्हतं.

३ ऑक्टो.
डबे काढले. झाकणावरचं 'कडू' आणि 'वास' मीच घासून काढलंय. आत दोन्हीकडं सारख्याच हिरव्या गोळ्या. पाकिटं कधीच कचऱ्यात.
दादांना फोन लावला. "बोल," म्हणाले. मी डब्यांचं सोडून मोटरचंच विचारलं. माझ्या आधीच्या माणसाला एक डबा उघडा राहिला म्हणून त्यांनी कामावरून काढलं होतं.

दुपारी
गोळ्या तळहातावर चोळल्या. एकीला मोसंबीच्या सालीचा वास. दुसरीला पण, जरा कमी, मागून ओलं गवत. चावून पाह्यल्या, दोन्ही जहर. स्वयंपाकघरातल्या आक्काला हुंगायला दिल्या. "मला दोन्ही पेंडीवाणी. तुझं नाक तरी कुठं धड हाय, परवा नासलेलं दूध प्यालास." त्यावरून तिच्या म्हशीचं निघालं, तेवढ्यात माल उकळला. वास कमी म्हणून गवतवाली आधी टाकली. मोसंबीवाली शेवटी. उलटं झालं असेल तर अख्खी टाकी वाया.

९ ऑक्टो.
दादा आल्यापासून टाकीजवळ उभे राहतात, माझ्याकडं बघत नाहीत. की मलाच वाटतं?
काल सुट्टी. वेरूळला गेलो, लेणी सोडून माकडं बघत बसलो. धुळ्याची बस उभी होती. एरवी काम सोडून चढलो असतो. नाय चढलो. नोकरी जाईल म्हणून भ्यायची सवय नाय मला.

१८ ऑक्टो.
दादांनी माझ्या टाकीतून पहिला ग्लास भरला. हुंगला. घोट बराच वेळ तोंडातच ठेवला.
"आधी कोणता डबा टाकला?"
सांगायला लागलो, घासणीपासून सगळं. बाहेर मालकांची गाडी वाजली. दादांनी ग्लास टाकीमागं सरकवला. "ते गेले की बोलू. तोवर गप."
मालक वर बसलेत. नवा माल चाखायला मागितला. दादा स्वतः भरून घेऊन गेले. माझ्या टाकीचा की शेजारच्या टाकीतल्या जुन्या मालाचा, मला दिसलं नाय.