भट्टीवरचं नाक

९ जून

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला अर्धे ऐकू येते आणि उरलेले अर्धे मामी ओरडून सांगतात, त्यामुळे ते शेजाऱ्यांनाही कळते. म्हणून पत्र लिहितो. यातली एक गोष्ट शेजाऱ्यांना कळायला नको आहे.

बेकरी मागच्या सोमवारी उघडली. अकरा आठवडे आणि दोन दिवस बंद होती. शटर गंजून बसले होते, त्याला तेल पाजण्यात पहिला तास गेला. मैद्याच्या सहा पोत्यांपैकी चारांत किडे निघाले. बाहेर फरशीवर मी टेपने मोजून सहा-सहा फुटांवर पांढरी वर्तुळे काढली. एक नेमके दिव्याच्या खांबावर येत होते. मी पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागलो तेव्हा मालकीणबाई म्हणाल्या की खांबाला काही आजार होत नाही, राहू दे. आठवड्यात त्या तेवढ्याच हसल्या. शेठ एप्रिलमध्ये दवाखान्यातून परत आले नाहीत हे तुम्हाला ठाऊकच आहे. गल्ल्यामागची त्यांची खुर्ची बाईंनी हलवलेली नाही. त्या शेजारी स्टूल टाकून, एकावर एक दोन मास्क लावून बसतात.

वर्तुळे दहा आहेत आणि माणसे एका वेळी दोन किंवा तीन. आलेला माणूस आधी आत डोकावून कोण कोण उरले आहे ते बघतो आणि मग पाव मागतो.

उस्तादांना आता पाहिलेत तर तुम्ही ओळखणार नाही. तुम्ही त्यांना ढोल्या म्हणता, पण आता त्यांच्या ॲप्रनच्या नाड्या दोनदा फिरवून बांधाव्या लागतात. सोळा दिवस ते दवाखान्यात होते. पावांचा एक पत्रा भट्टीत सारला की भिंतीला टेकून उभे राहतात. पूर्वी मला भट्टीच्या तोंडाशी उभे राहू देत नसत. आता लांबूनच विचारतात की बघ रे, वास सुटला का. मी सांगतो, सुटला.

मामा, मला वास येत नाही. एप्रिलमध्ये तीन दिवस ताप येऊन गेला, त्यात गेला तो गेलाच. डॉक्टर म्हणाले होते की पंधरा दिवसांत येईल. आज अठ्ठावन्न दिवस झाले. चवीचेही तसेच, गोड आणि खारट एवढेच कळते. मी घड्याळ लावून आणि पावाचा रंग बघून सांगतो, आणि अजून एकदाही चुकलो नाही. पण बेकरीत नाक नसलेला माणूस कोण ठेवील? काम जाईल या भीतीने मी कोणाला बोललो नाही. तुम्हीही उस्तादांना कळवू नये ही विनंती.

मामींना नमस्कार. तुमची माया आहे तशीच राहू द्या, मला तिची गरज आहे.

आपला आज्ञाधारक,
भाचा

१६ जून

चि. मास्तर यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. नेहमीप्रमाणे त्यात एकही चूक सापडली नाही. नववीत शाळा सोडलेल्या पोराचं पत्र वाचताना मलाच मान खाली घालावी लागते. तुझी मामी म्हणते, एवढं नीटनेटकं लिहिणाऱ्याला झोप लागत नसणार.

आता ऐक. गिरणीत असताना माझे कान गेले तेव्हा मी दोन वर्षं ऐकू येतंय असं सोंग केलं. मुकादम बोलला की मान हलवायची, बाकीचे हसले की हसायचं. एकदा एकाची बायको वारल्याची बातमी सांगत होते आणि मी हसलो. तो आजही माझ्याशी बोलत नाही. म्हणून सांगतो, सोंग फार दिवस नेऊ नकोस. ढोल्याला सांगून टाक. तुला कामाला घ्यायला शेठ तयार नव्हते, पोरगा फार घाबरट आहे म्हणत होते. ढोल्याच म्हणाला की घाबरट बरा, भट्टीवर धीट माणूस भाजतो. तो काही तुला वाऱ्यावर सोडणार नाही.

इथे गिरणी सुरू झाली, पण निम्मीच माणसं आत घेतात. भोंगा मात्र पूर्वीसारखाच होतो म्हणे. मला काय, मी त्यातून सुटलो.

मामी वाफ घ्यायला सांगते. घे, तिचं समाधान होईल. बाकी आमचा जीव तुझ्यात आहे हे वेगळं लिहायला नको.

तुझा,
मामा

३० जून

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचे ऐकले असते तर हे पत्र लिहावे लागले नसते. झाले ते क्रमाने लिहितो.

मागच्या सोमवारी वृद्धाश्रमाची मागणी परत सुरू झाली. दोनशे बिस्किटे आणि साठ पाव. बंदनंतरची पहिली मोठी मागणी, म्हणून मालकीणबाईंनी स्वतः फळ्यावर खडूने लिहिली. बिस्किटांसाठी उस्तादांनी तुपाचा मोठा डबा काढला. तो बंदच्या आधीचा होता आणि त्याचे झाकण नीट बसलेले नव्हते. त्यांनी डबा नाकाशी धरला, मग माझ्यापुढे केला आणि विचारले की ठीक आहे ना. मी वाकून बघितले. रंग पांढरा होता, वर बुरशी नव्हती. मी म्हटले, ठीक आहे.

तूप खवट झालेले होते, मामा. बिस्किटे भाजून, मोजून, खोक्यात भरून गेली. दुसऱ्या दिवशी वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापक बाई दोन्ही खोकी घेऊन परत आल्या आणि बाहेरच्या पहिल्या वर्तुळात उभ्या राहिल्या. मागे चार गिऱ्हाइके होती. त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या की आमच्याकडच्या माणसांनी तीन महिने नातेवाइकांचे तोंड पाहिलेले नाही, ती ह्या बिस्किटांची वाट बघत होती, आणि तोंडात घालून त्यांनी ती रुमालात काढून ठेवली. खोकी गल्ल्यावर ठेवून त्या गेल्या. मागच्या चारांपैकी दोघे काही न घेताच गेले.

मालकीणबाई आत आल्या. शेठ असताना त्या कधी भट्टीच्या खोलीत आल्या नव्हत्या. त्यांनी विचारले की डबा कोणी बघितला. माझ्या हातात रिकामा पत्रा होता. उस्ताद म्हणाले, मी बघितला. बाई म्हणाल्या की चौतीस वर्षांत कधी झाले नाही ते आत्ताच कसे झाले. उस्ताद म्हणाले की आता नाक राहिले नाही. बाई म्हणाल्या की तुम्ही काही दिवस घरी आराम करा. आराम म्हणजे काय ते तिघांनाही कळले.

मी बोललो नाही. पत्रा खाली ठेवला असता तरी आवाज झाला असता, म्हणून तो धरूनच उभा राहिलो.

उस्तादांनी ॲप्रन काढून घडी घातली. मी दारापर्यंत गेलो. तिथे ते मला हळूच म्हणाले, "दवाखान्यातून आल्यापासून मला काही येत नाही. मला वाटलं, तुझं तरी शाबूत आहे."

म्हणजे ते रोज मला विचारत होते ते शिकवण्यासाठी नव्हे. मी घड्याळ बघून सांगत होतो आणि ते माझ्या भरवशावर पत्रे काढत होते. तीन आठवडे त्या भट्टीवर कोणाचेच नाक नव्हते.

भट्टी आता माझ्याकडे आहे. बाई म्हणाल्या की तू तरुण आहेस, सांभाळशील. काय करू ते कळवा. रागावलात तरी चालेल, पण पत्र बंद करू नका.

आपला,
भाचा

७ जुलै

चि. मास्तर,
आशीर्वाद.

रागावून काही होत नाही, म्हणून रागावत नाही. पण दोन दिवस तुझं पत्र उशीखाली ठेवून झोपलो आणि दोन्ही दिवस मान धरली.

ढोल्या माझा शाळेपासूनचा दोस्त. त्याने स्वतःवर घेतलं ते तुला वाचवायला असं समजू नकोस, त्याला तुझं नाक गेलंय हे माहीतच नाही. तुला खरंच वास आला असेल आणि तू त्याला घाबरून बोलला नसशील, असंही तो समजत असेल. हे त्याच्या डोक्यात राहू देणार आहेस का?

मालकीणबाईंकडे जा आणि सांग. पण ढोल्याकडे त्याआधी जा. काम गेलं तर इथे ये, माझ्या पेन्शनीत एक ताट निघतं. जाईपर्यंत मला लिहू नकोस.

मामा

(मामांना न दाखवता दोन ओळी लिहिते आहे. तू काही बोलू नकोस. उस्ताद साठीच्या पुढचे, त्यांचे सगळे आयुष्य होऊन गेले, मुलगा कमावता आहे. तुझे अजून व्हायचे आहे. इथे शेजारच्या तिघांची कामे गेली, तिघे दिवसभर पायरीवर बसलेले असतात. मामांना पायरीवर बसायची सवय आहे, तुला नाही. जेवत जा. तुझी मामी.)

२० जुलै

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही सांगितले त्या क्रमाने गेलो. मामींना सांगा की त्यांच्या ओळी मी पाच दिवस खिशात ठेवल्या होत्या. त्या चुकीच्या नाहीत, पण माझ्याच्याने जमले नाही. (मामा, त्या ओळींवरून मामींना रागावू नका.)

आधी उस्तादांकडे. ते खिडकीपाशी बाकावर बसले होते. मी उभ्यानेच सगळे सांगितले. ते ऐकून पहिल्यांदा हसले, मग खोकला आला, तो थांबेपर्यंत मी पाणी धरून उभा राहिलो. मग म्हणाले की दोन आंधळ्यांनी रस्ता ओलांडला आणि बैलगाडीच नव्हती, म्हणून तीन आठवडे निभावले. बाईंना सांगू नकोस म्हणाले. दोघे घरी बसून भट्टी पेटणार आहे का, असे विचारले.

दुसऱ्या दिवशी शटर उघडायच्या आधी बाईंना सांगितले. मी पाठ करून गेलो होतो तरी मधले एक वाक्य विसरलो. त्यांनी दोन्ही मास्क खाली ओढले. मग म्हणाल्या की त्या दिवशी खोकी भरताना त्यांना वास आला होता. शेठ गेल्यापासून त्यांना सगळ्यालाच कसला ना कसला वास येतो, चादरींना, नळाच्या पाण्याला, म्हणून त्या बोलल्या नाहीत. आत दोन जाणती माणसे आहेत, आपल्याला काय कळते, असे त्यांना वाटले.

दुपारी त्या स्वतः उस्तादांकडे जाऊन आल्या. परत या म्हणाल्या. उस्ताद नाही म्हणाले. आता भट्टीपुढे दहा मिनिटेसुद्धा छाती साथ देत नाही, हे त्यांनी मला सांगितले नव्हते, बाईंना सांगितले.

मला काढलेले नाही. पण गुरुवारपासून भट्टी पेटवलेली नाही. मोठ्या कारखान्याची गाडी सकाळी आठला येते आणि पाकिटातला पाव उतरवून जाते. मी पाकिटांवरच्या तारखा बघतो आणि फळीवर लावतो. एक दिवस जुने झालेले पुढे, नवे मागे. भट्टीच्या खोलीत रिकामी खोकी ठेवली आहेत. गिऱ्हाईक थोडे वाढले आहे. कोणी विचारत नाही की तुमचा पाव कुठे गेला.

खरे सांगितल्याने काय झाले ते मला नीट कळलेले नाही. तुम्हाला कळले तर लिहा. आणि आशीर्वाद लिहिताना मागच्यासारखे नुसते एकच नका लिहू.

आपला,
भाचा

११ ऑगस्ट

मित्रा,
नमस्कार.

माझं अक्षर बघून दचकू नकोस. तुला पत्र लिहून वीस वर्षं तरी झाली. मध्ये बायकोने दोनदा लिहून देते म्हटलं, पण हे तिला सांगायचं नाही.

तुझा भाचा रोज दुपारी दुकान बंद असतं तेव्हा माझ्याकडे येतो. बाकाच्या त्या टोकाला बसतो, मी या टोकाला. त्याने येताना टेप आणला होता, पहिल्या दिवशी मोजून बसला. मला पेपर वाचून दाखवतो आणि छापलेल्या चुका सुधारतो. बाई एकदा येऊन गेल्या, ते सोडलं तर दवाखान्यातून आल्यापासून माझ्याकडे दुसरं कोणी आलेलं नाही. लोकांना भीती वाटते, मी कोणाला नावं ठेवत नाही. मुलगाही फोनच करतो.

तो बाईंना सांगायला गेला तेव्हा मला राग आला होता. चौतीस वर्षांचं काम मी माझ्या तोंडाने संपवलं होतं, त्यात याने येऊन वाटा मागितला असं वाटलं. आता तसं वाटत नाही.

पण तो पाकिटं लावतो रे. भट्टीवर मी त्याला सात वर्षं शिकवलं. कणीक तो बोटाने दाबून सांगायचा की अजून अर्धा तास, आणि अर्धाच तास लागायचा. त्याला नाक नसलं तरी ते बोट आहे. इथे राहिला तर दोन वर्षांत ते विसरेल, आणि न विसरण्यासारखी जागा इथे कुठे उरलेली नाही. बाई दुकान विकायचं बोलतात.

तुझ्याकडे तिथे एक नवी बेकरी उघडते आहे असं तो म्हणत होता. तिथे जाऊन बोल. वास घ्यायला दुसरा माणूस मिळेल, ते अवघड नाही. आधीच सांगून टाक, लपवू नकोस. मग त्याला बोलावून घे. तो आपण होऊन निघणार नाही, मी एकटा पडेन म्हणून बसून राहील. तुला बरं नाही असं लिही, किंवा मामीला. मी सांगितलं असं लिहू नकोस.

मला विचारशील तर तो इथून जायला नको आहे. पण ते तू मला विचारू नकोस.

वहिनींना नमस्कार. मैत्री आहे तोवर अशीच राहू दे.

तुझा,
ढोल्या