मागच्या खोलीची वेगळी लाइन

१४ मार्च, दुपार

प्रिय चिमे,

अनेक आशीर्वाद. तू आणि बाळ सुखरूप घरी आलात हे कळलं आणि जीव भांड्यात पडला. फोटो बघून आई म्हणते, डोळे अगदी तुझे. मला तर ते अजून कोणासारखंच दिसत नाही. बाळाच्या बापाला हे सांगू नकोस.

इकडची मोठी बातमी म्हणजे आईने घराचं वायरिंग बदललं. बाबांनी स्वतःच्या हाताने केलेलं, सगळंच्या सगळं. मागच्या खोलीत तुझा हात पुरावा म्हणून त्यांनी खाली लावलेलं बटणसुद्धा गेलं. तू चिडशील. मीही चिडलो होतो. म्हटलं, "बाबा वायरमन होते. त्यांच्या कामात खोट काढतेस?"

तिने शिवणयंत्रावरून मानही वर केली नाही. "खोट नाही रे. तेव्हाच्या नियमांत ते चोखच होतं. तेव्हा घरात होतं काय, दिवे आणि एक पंखा. नियम पुढे गेले. ते असते तर त्यांनीच आधी उपटलं असतं."

आधी तिने नियमांचं नवं पुस्तक मिळवलं आणि पहिल्याच पानावर अडली. मग पलीकडच्या गल्लीतल्या मास्तरांकडे शिकवणी लावली. ते तांत्रिक शाळेत वीज शिकवायचे. सकाळी कपडे बेतून ठेवायची आणि दुपारी चष्मा घेऊन निघायची. शिकलेलं सगळं जेवताना माझ्यावर रिकामं व्हायचं. "गळतीचा स्विच म्हणजे काय, सांग. जेवढी वीज गेली तेवढीच परत यायला हवी. वाटेत जराशी जरी कुणाच्या अंगातून निसटली, तर डोळ्याचं पातं लवायच्या आत तो सगळं बंद करतो." मी म्हटलं, "आई, आमटी वाढ." म्हणाली, "आधी सांग, जमिनीत सोडलेली ती अर्थिंगची तार कशाला लागते?"

वायरमन आला तो हसतच. "काकू, इतकी वर्षं चाललंच की."

"चाललं ते नशिबाने. आता नशिबावर सोडायचं नाही."

भिंतीत वायरींना पीळ देऊन वर पट्टी गुंडाळलेले जोड सापडले, तसा तो गंभीर झाला. मग दोघांचं जमलं. पण अर्थिंग मोजलं तेव्हा काटा हवा तिथे येईना. तो म्हणाला, "अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतू, पास होईल." आई म्हणाली, "आज होईल. उन्हाळ्यात जमीन वाळली की काय करू?" त्याने डोकं खाजवलं आणि लिंबाच्या झाडापाशी दुसरा खड्डा खणायला घेतला. आता तो दुसऱ्या घरी काम करतानाही तिला फोन लावतो, "काकू, जरा पुस्तकात बघता का?"

मागच्या खोलीला तर तिने मेन बोर्डापासून थेट वेगळी लाइन आणि वेगळा ब्रेकर घेतला. आता तू विचारशील, कशाला? तिथे तर नुसत्या गाद्या ठेवलेल्या असतात. चिमे, इतका वेळ मी त्याच खोलीभोवती फिरतोय.

माझ्या दोन्ही किडन्या गेल्या आहेत. गेल्या पावसाळ्यात कळलं. तुला तेव्हा नुकतेच दिवस राहिले होते, म्हणून आईने मला शपथ घातली. दवाखान्यात डायलिसिस चालू आहे. आता घरीच करता येईल असं डॉक्टर म्हणाले, पण एका अटीवर, वायरिंग आजच्या नियमांत बसलं पाहिजे. अंगातलं रक्त नळ्यांतून मशीनमध्ये जाऊन परत यायचं, तिथे विजेची जराही गळती चालत नाही. मशीन कसं लावायचं, सुई कशी टोचायची, हेही आई दवाखान्यात शिकली. पहिल्यांदा तिने नर्सला शेजारी उभं केलं. दुसऱ्यांदा नाही.

आणखी एक. तिने आधी स्वतःची किडनी तपासून घेतली होती, मला न सांगता. जुळली नाही. त्या दिवशी ती घरी आली, हातपाय धुतले आणि पुस्तकाच्या शोधात बाहेर पडली. हे मला मास्तरांकडून कळलं. मी तिला विचारलं तेव्हा काड्यापेटी शोधत असल्यासारखं करत म्हणाली, "किडनी नाही देता आली. वीज तरी नीट देते." मी ओट्यावरची काड्यापेटी तिच्या हातात दिली.

'माझी तपासा' असं लगेच लिहू नकोस. अंगावर पिणारं बाळ आहे तुझं. आधी तू उभी राहा. फोनवर सांगितलं असतं तर तू रडली असतीस, आणि मीही. म्हणून पत्र.

काल दवाखान्याचा तंत्रज्ञ येऊन एकेक पॉइंट तपासून गेला. मशीन गुरुवारी येतंय. भीती वाटते, खोटं कशाला बोलू? पण खोलीत गेलो की कमी वाटते. आई शेजारी खुर्ची टाकून बसणार आहे, काजं-बटणं करत.

बाळाला घेऊन ये. घर आता चोख आहे.

आईच्या भरवशावर असलेला,
तुझा दादा