माफ करायला दोन दिवस रजा

२ नोव्हेंबर, रविवार. वापी.
आईचा फोन. चर्चच्या पायरीवरूनच. आधी विचारलं जेवला का. मग म्हणाली, आज उपासनेत पाळकसाहेबांनी आकाश आणि रूपाच्या लग्नाची सूचना वाचली. पहिला रविवार. अजून दोनदा वाचतील, मग लग्न.
आकाश माझा लहानपणापासूनचा मित्र. रूपा माझी. म्हणजे होणार होती, फक्त तिला सांगायचं बाकी होतं. ते काम आकाशकडे होतं. ती जळगावला दवाखान्यात नर्स. मी इथे मशीनवर. म्हणून मीच त्याला सारखा धुळ्याहून जळगावला पाठवत होतो. काय बोलायचं तेही पाठ करून घेतलं होतं. मुलगा सीरियस आहे, आता हेल्पर नाही, ऑपरेटर आहे.
गेल्या नाताळात घरोघरी गाणी म्हणत फिरलो तेव्हा रूपाने मला करंजी दिली होती. सगळ्यांना एक. मला दोन. यापेक्षा माणसाने काय बोलायचं?

३ नोव्हेंबर.
ठरलं. आकाशला या जन्मी माफी नाही. नंबर ब्लॉक.
संध्याकाळी अनब्लॉक केला. त्याचा मेसेज आलाय का बघायला. नाही. परत ब्लॉक.

५ नोव्हेंबर.
रूममेट भटूला सांगितलं. तो जामनेरचा. म्हणाला, पण तू स्वतः पोरीला कधी विचारलं का भो? मी म्हटलं, या गोष्टी समजून घ्यायच्या असतात. तो म्हणाला, मग समजलं कोणाला? आकाशलाच ना?
भटूशी बोलणं बंद. आमच्या समाजातलं त्याला कळत नाही.

६ नोव्हेंबर.
भटूशी बोलणं चालू. भाजी तोच करतो.

९ नोव्हेंबर, रविवार.
तिकडे दुसरी सूचना झाली असेल. मी इथल्या चर्चला गेलो. मागे बसलो, चार्जिंग पॉइंटजवळ. उपदेश माफीवर. समोरच्याने मागायच्या आधी माफ करा. प्रभूने वधस्तंभावर तेच केलं.
मोबाईल खिशात ठेवला. डोक्यात एकदम लाईट पेटली. आकाशला माफ करायचं! सगळ्या मंडळीसमोर. तो रडेल. पाया पडेल. मी त्याला उठवीन. आणि रूपा बघेल, मोठा कोण ते.

११ नोव्हेंबर.
प्लॅन पक्का. तिसऱ्या रविवारी सूचना वाचून पाळकसाहेब विचारतात, कोणाची हरकत आहे का. तेव्हा चर्च एकदम शांत असतं. पोरंसुद्धा रडत नाहीत. बोलायला तीच वेळ बेस्ट.
भटूसमोर प्रॅक्टिस केली. 'मंडळी, माझ्या पाठीत वार झाला, पण मी ख्रिस्ती आहे.' तो म्हणाला, फोनवर कर ना माफ. मी म्हटलं, फोनवरच्या माफीला वजन नसतं.
सुपरवायझरने कारण विचारलं. सांगितलं, घरचा कार्यक्रम. दोन दिवस मिळाले.

१५ नोव्हेंबर. सुरत-धुळे बस.
पांढरा शर्ट प्रेस करून मांडीवर ठेवलाय. मन हलकं वाटतंय. प्रार्थना केली: प्रभू, बोलताना रडू येऊ देऊ नको. थोडं आलं तर चालेल.

१६ नोव्हेंबर, रविवार. धुळे.
पाळकसाहेबांनी सूचना वाचली. विचारलं, कोणाची हरकत? मी उभा राहिलो.
त्या वेळी उभं राहण्याचा अर्थ एकच होतो, हे उभं राहिल्यावर लक्षात आलं.
बायकांच्या बाजूने आवाज आला तसा मी कधी ऐकला नव्हता. रूपाची आई कलाबाई, तिने भिंत धरली. रूपाने मान खाली घातली. आई शर्ट ओढत म्हणाली, खाले बठ, बठ्ठा देखी राह्यनात. सगळे बघतच होते. मी पाठ केलेलं सगळं विसरलो आणि म्हणालो, मला बोलायचंय. तेही चुकीचं निघालं.
पाळकसाहेबांनी चष्मा काढला. हरकतीची चौकशी झाल्याशिवाय लग्न लावता येणार नाही म्हणाले. मला, आकाशला आणि रूपाला मागच्या खोलीत नेलं. बाहेर मंडळी एकामागून एक गाणी म्हणत राहिली.
मी म्हटलं, हरकत नाही, मी माफ करायला आलोय. ते म्हणाले, कशाबद्दल? मी म्हटलं, विश्वासघात.
आकाश म्हणाला, पहिल्याच खेपेला तिला सगळं सांगितलं होतं. ऑपरेटर वगैरे सगळं. ती नाही म्हणाली. पण फोनवर मी इतक्या खुशीत विचारायचो की त्याच्या तोंडून ते निघेना. मी परत पाठवायचो, तो परत जायचा. जळगाव स्टँडवर चहा पिऊन माघारी. एकदा रूपाने त्याला तिथे पाहिलं. म्हणाली, इथे काय करतोस? त्याने खरं सांगितलं. ती हसली. तिथून सुरू झालं.
रूपा माझ्याकडे न बघता म्हणाली, तू पाठवलं नसतं तर आम्ही कधी धड बोललोसुद्धा नसतो. आणि तुझ्या आईला आमचं मी उन्हाळ्यातच सांगितलं होतं.
म्हणजे आईलाही माहीत होतं. जेवला का विचारताना.
पाळकसाहेब म्हणाले, आता बाहेर जाऊन मोठ्याने सांग. गेलो. म्हटलं, माझी हरकत नाही.
इतकंच भाषण झालं.

१६ नोव्हेंबर, संध्याकाळ. धुळे स्टँड.
निघताना आईने पाण्याची बाटली भरून दिली.
बसमध्ये बसलो तर आकाश खिडकीखाली आला. हातात कलाबाईने दिलेला डबा. आता रडेल, आता पाया पडेल म्हणून मी मान वळवून बसलो. त्याने डबा वर दिला आणि म्हणाला, भो, आम्ही तुले माफ करी टाकं. लग्नाले ये.
मला! मी मागितलीसुद्धा नव्हती. मी म्हटलं, मी काय केलं? तेवढ्यात ड्रायव्हरने गाडी काढली. तो हात हलवत राहिला. मला डबा दोन्ही हातांनी धरावा लागला.

१७ नोव्हेंबर. वापी.
भटूने विचारलं, केलं का माफ?
मी म्हटलं, हो, झालं एकदाचं.
कोणी कोणाला, ते त्याने विचारलं नाही.