कोठारापर्यंतचा रेडिओ

ब्रॉन्विन,

माणसाला यापुढे एकटं राहायचं कारण उरलेलं नाही. निदान गावाबाहेरच्या गव्हाच्या कोठारापर्यंत तरी. त्यापुढे हा बोलायचा रेडिओ पोचत नाही.

तुझ्या ट्रकमध्ये बसवलाय. वायर थेट बॅटरीवरून, फ्यूज लावून, क्लचजवळच्या रबर लावलेल्या भोकातून आत घेतलीय. दिव्यांच्या वायरींपासून लांब ठेवलीय, नाहीतर रेडिओ माझ्यासारखा सतत खरखर करेल. जोडीचा रेडिओ स्वयंपाकघरात, तुझ्या आईच्या खुर्चीवर ठेवलाय. खुर्ची रिकामीच असते.

"बाबा, मला कुणाची सोबत नकोय," म्हणशील. बरं. पुढे वाटेत नलारबोरच्या ओसाड माळावर चाळीस नंबरच्या चॅनेलवर दुसरे ट्रक ड्रायव्हर भेटतील. कोठारापर्यंत बारा नंबरवर मी आहे. बोलावंसं वाटत नसेल तर बटण नुसतं दोनदा दाब, मला कळेल.

निरोप घेणं तुला आवडत नाही, म्हणून मी मागच्या शेडमध्ये आहे. माझा स्क्रूड्रायव्हर तुझ्या सीटखाली राहिलाय, तेवढा दाराशी ठेव.

बाबा