मापांची वही आणि रस्त्याकडची खोली

सुचित्रा माधव निसळ, हा कागद तुझ्या नावाने सुरू करणे कायद्याच्या दृष्टीने निरर्थक आहे. मृत व्यक्तीला मृत्युपत्रान्वये काही देता येत नाही आणि तिची संमतीही लागत नाही. तरी खाली मी जे वाटून देणार आहे, त्यातले निव्वळ माझे म्हणावे असे थोडे आहे. म्हणून तुला आधी विचारून घेतो. विचारून घेण्याची सवय मला उशिरा लागली. ती पाहायला तू नव्हतीस.

मी, माधव त्र्यंबक निसळ, वय वर्षे चौऱ्याहत्तर, कनिष्ठ महाविद्यालयातील तर्कशास्त्राचा सेवानिवृत्त अध्यापक, राहणार कोल्हार बुद्रुक, तालुका राहाता, जिल्हा अहिल्यानगर, लिहून ठेवतो की माझी बुद्धी स्थिर असून स्मरण शाबूत आहे. डाव्या कानाने कमी ऐकू येते; त्याचा या कागदाशी संबंध नाही. हे मृत्युपत्र मी कोणाच्याही दडपणाखाली करीत नाही. दडपण आणण्यासाठी घरात दुसरे माणूस असावे लागते. हे करण्याचे कारण एकच आहे. माझ्या पत्नीच्या शिवणकामातील मदतनीस झुंबरबाई पुंजाराम म्हसे यांच्याकडून दोन वर्षांपूर्वी मी जे काढून घेतले, ते त्यांच्याकडे परत जावे. बाकीची कलमे कागद पूर्ण असावा म्हणून आहेत.

कलम १. राहते घर, रस्त्याकडची खोली वगळून, मुलगा धवल व मुलगी मधुवंती यांना समान हिश्शाने द्यावे. धवल पुण्यात व मधुवंती नाशकात स्थायिक आहे. दोघांपैकी कोणी येथे येऊन राहील अशी अपेक्षा मी ठेवलेली नाही, आणि ठेवली नाही याचा राग त्यांनी धरू नये. घर विकल्यास घेणाऱ्यास सांगावे की पावसाळ्यात मधल्या खोलीचे दार फुगते. त्याला रंधा मारू नये. दिवाळीपर्यंत ते आपोआप बसते. सुचित्राने मला हे एकोणीस पावसाळे सांगितले आणि विसाव्या पावसाळ्यात मी रंधा मारला. तेव्हापासून थंडीत त्या फटीतून वारा येतो.

कलम २. बँकेतील ठेवींना वारस नेमलेले आहेत. त्याविषयी येथे लिहिण्यासारखे काही नाही.

कलम ३. परसबाग. मोगऱ्याचे दोन वेल आहेत. त्यांचे पाणी पौषात तोडावे, माघात छाटणी करावी आणि फाल्गुनापासून पुन्हा पाणी द्यावे. चैत्रात कळ्या येतात. त्या कोणीही तोडाव्यात, कारण मी तोडल्या तर त्यांचे काय करावे हे मला कळत नाही. लिंबाला शेणखत पुरेसे होते. अळू मोरीच्या पाण्यावर वाढते. एका माणसाची भांडी घासून जे पाणी निघते ते त्याला पुरत नाही, त्यामुळे दोन वर्षांत ते बरेच रोडावले आहे. शेजारच्या गोजरबाई थोरात यांनी ते मुळासकट काढून आपल्या मोरीपाशी लावावे. त्यांच्या घरात सात माणसे आहेत. न्हाणीघराच्या पत्र्यावरचा लाल भोपळ्याचा वेल पुढील वर्षी लावू नये. कापलेला भोपळा एकट्याने संपत नाही.

कलम ४. माझी पुस्तके महाविद्यालयाने घेतली तर द्यावीत, न घेतली तर आग्रह करू नये. ब्लाऊजांच्या उरलेल्या तुकड्यांची सुचित्राने शिवलेली गोधडी मधुवंतीने न्यावी. तिला मापांची वही हवी होती. फोनवर ती म्हणाली, “बाबा, आईचं अक्षर आहे त्यात. मला दुसरं काही नको.” मी तिला वही देत नाही. कारण पुढील कलमात आहे.

कलम ५. प्रथम एक निवेदन. सुचित्राने रस्त्याकडच्या खोलीत चाळीस वर्षे ब्लाऊज शिवले. गावातील स्त्रिया तिच्या हातशिलाईची जी वाखाणणी करीत, ती १९९६च्या दिवाळीपासून माझ्या कामाची होती. त्या दिवाळीत तिच्या बोटाला नखुरडे झाले होते आणि तीसएक ब्लाऊज हूक लावायचे राहिले होते. मी सुई घेतली. पहिल्या ब्लाऊजाला मी सर्व हूक उलट्या बाजूस लावले.

“अहो, ब्लाऊज आहे हा. तुमचा शर्ट नाही,” ती म्हणाली, आणि तिने ते सारे उसवून पुन्हा माझ्यासमोर ठेवले.

त्यानंतर सव्वीस वर्षे महाविद्यालयातून आल्यावर, व निवृत्तीनंतर दुपारभर, मी मधल्या खोलीत दार लोटून हूक लावले, काजे केली, साड्यांना फॉल लावले. दार लोटण्याचे कारण असे की, एका सहकाऱ्याने शिक्षकांच्या खोलीत सर्वांदेखत विचारले होते, “काय निसळ, घरी शिलाई मशीन चालतं म्हणे? पगार पुरत नाही का?” त्यांना मी अद्याप क्षमा केलेली नाही. ते वारले असल्याने हे त्यांना कळविण्याची सोय नाही. बाहेरच्या खोलीतून गोजरबाईंचा आवाज येई, “बाई, ब्लाऊज फाटंल, पर तुमचा हूक न्हाई निघायचा.” सुचित्रा म्हणे, “हात बसलाय आता.” हात कोणाचा, हे ती सांगत नसे. मीच तसे बजावले होते.

हे तिसऱ्या एकाच व्यक्तीला माहीत होते. झुंबरबाई एकोणीस वर्षांपूर्वी दोरे उचलायला म्हणून आल्या आणि बेतणे, शिवणे सर्व शिकल्या. सुचित्राने खोलीची दुसरी किल्ली त्यांना देऊन ठेवली होती. त्यांनी माझ्या हुकांविषयी बाहेर एक अक्षर काढले नाही.

सुचित्रा फेब्रुवारी २०२३ मध्ये गेली. चौदाव्या दिवशी पाहुणे जेवत असताना झुंबरबाई आल्या व म्हणाल्या, “सर, तेवढी मापांची वही द्या मला. बायांची कापडं पडल्यात. अन् मशीन बंद ठिवू नका, गंजंल.”

मी सर्वांसमोर म्हणालो, “ताटे अजून उचलली नाहीत आणि तुमची नजर वस्तूंवर गेली? किल्ली ठेवा येथे.”

त्यांनी कनवटीची किल्ली काढून पाण्याच्या पिंपावर ठेवली. “ठिवली बगा,” म्हणाल्या व गेल्या. तेव्हापासून त्या कांद्याच्या चाळीवर रोजाने कांदे काटायला, म्हणजे त्यांची पात व मुळ्या छाटायला, जातात. खोलीला मी कुलूप लावले. धवल म्हणत असे, “बाबा, रस्त्यावरची खोली आहे, मोबाईलवाल्याला देऊन टाका.” मी विचार करतो असे सांगे. मी कसलाही विचार करीत नव्हतो.

गेल्या पौषात एक बाई शालूवरचे राहिलेले कापड मागण्यास आली, म्हणून मी खोली उघडली. कोणते कापड कोणाचे हे पाहण्यासाठी वही वाचावी लागली. ही वही पुरुषाने वाचण्याजोगी नाही. प्रत्येक नावापुढे वर्षानुवर्षांची मापे आहेत आणि शेजारी बारीक अक्षरात नोंदी आहेत: “पाचवा महिना, सैल ठेवणे.” “बाह्या लांब, हातावर डाग आहेत, कारण विचारू नये.” “मूल गेले. माप घेताना बोलत राहणे.” स्त्रियांनी हे दोघींना सांगितले होते, मला नव्हे. झुंबरबाईंनी वही का मागितली, ते मला तेव्हा समजले.

शेवटचे भरलेले पान सुचित्राचे स्वतःचे होते. २०२२ सालचे. चैत्रात छाती छत्तीस. आषाढात चौतीस. नवरात्रात साडेबत्तीस. मार्गशीर्षात तीस.

ते ब्लाऊज माझ्या हातातून गेले होते. ती बाजूची टीप मारी आणि मी हूक आत घेई. तीन वेळा घेतले. तिसऱ्या वेळी मी म्हणालो, “पुन्हा आत?” ती म्हणाली, “गुरुवारचे उपवास चाललेत ना. शिवाय हे कापडच सैल पडतं.” मला मोतीबिंदूमुळे नीट दिसत नसल्याने तिने सुई ओवून दिली. मी ती घेतली. एकतीस वर्षे मी मुलांना चिन्हावरून अनुमान कसे काढावे हे शिकवले आहे.

दुसऱ्या दिवशी मी झुंबरबाईंच्या घरी गेलो. त्या अंगणात बाजरी पाखडत होत्या. मी विचारले, “तुम्हाला ठाऊक होते?”

“व्हय. टेप म्या धरीत हुते ना. दोनदा म्हनले बाईंला, नगरला दाखवून या. त्या म्हनल्या, सरांच्या डोळ्याचं आप्रेशन होऊ दे, मंग बघू.”

“मला का सांगितले नाहीत?”

त्यांनी सूप खाली ठेवले. “तुमाला सांगायचं व्हय, सर? हूक तर तुमीच लावीत हुते.”

मी त्यांना वही घेऊन जाण्यास व खोली उघडण्यास सांगितले. त्या म्हणाल्या, “राहू द्या. तुमी दिलं, पुन्यांदा तुमीच काढून घ्याल. तुमी गेल्यावर धवलदादा काढून घेतील.” या आक्षेपात तर्कदृष्ट्या काहीही चूक नाही. म्हणून हे कलम.

रस्त्याकडची खोली, तिच्यातील शिवणयंत्र, कात्र्या, इस्त्री, बेतण्याचे टेबल व मापांची वही ~~माझ्या मृत्यूनंतर~~ झुंबरबाई पुंजाराम म्हसे यांच्या मालकीची होतील. धवल व मधुवंती यांनी हरकत घेऊ नये. सुचित्राचे पान वहीतून काढलेले नाही. काढण्यासाठी मी तिचीच कात्री घेतली होती. ती परत खुंटीला लावली. ते आकडे मला पाठ आहेत. याच कलमान्वये मी कबूल करतो की झुंबरबाईंची नजर वस्तूंवर नव्हती, आणि मी ते चारचौघांत बोललो असल्याने हे वाक्यही चारचौघांत वाचले जावे.

कलम ६. या मृत्युपत्राची अंमलबजावणी मधुवंतीने करावी. माझे तेरावे-चौदावे करू नये.

सही करण्यापूर्वीची नोंद. आज दुपारी मी दोन्ही साक्षीदार व झुंबरबाई यांना बोलावून वरील मजकूर मोठ्याने वाचला. पाचव्या कलमाच्या आरंभीच गोजरबाईंनी मला थांबवले.

“थांबा, सर. म्हंजी माज्या ब्लाऊजाचे हूक तुमी लावायचे?”

“होय.”

“अगं बया! अन् म्या इतकी वर्सं बाईंच्या हाताचं गुनगान गाऊन ऱ्हायले!”

दुसरे साक्षीदार, सेवानिवृत्त पोस्टमास्तर राधाकृष्ण जेजुरकर, म्हणाले, “गोजरबाई, सही करायला आलोय आपण.”

“करते की सही. आधी हसू तर द्या.”

त्या हसल्या, आणि मग ताठ बसून शेवटपर्यंत ऐकत राहिल्या. झुंबरबाई हसल्या नाहीत. वाचन संपल्यावर त्यांनी विचारले, “सर, हे समदं तुमी गेल्यावर ना?”

“होय. मृत्युपत्र मृत्यूनंतरच अमलात येते.”

“मंग तवर म्या काय करू? तुमच्या मरनाची वाट बघत कांदं काटू?”

“अन् सर लई चिवट हायेत,” गोजरबाई म्हणाल्या.

हा प्रश्न महिनाभर मसुदा करताना माझ्या मनात एकदाही आला नव्हता. जेजुरकरांनी चष्मा पुसला व माझ्याकडे पाहिले. मी पाचव्या कलमातील “माझ्या मृत्यूनंतर” हे शब्द सर्वांसमक्ष खोडले आणि शेजारी आद्याक्षरे केली. यंत्र, साहित्य व वही यांचा ताबा आजच द्यावयाचा. खोलीचे बक्षीसपत्र याच आठवड्यात दुय्यम निबंधकांकडे नोंदवावयाचे. धवलला मी तेथूनच फोन केला. तो म्हणाला, “ठीक आहे, बाबा. आईनं हेच केलं असतं.”

झुंबरबाईंनी यंत्राचे झाकण काढले, चाक हाताने फिरवून पाहिले आणि तेल मागितले. मी त्यांना विचारले की आता डोळ्याची शस्त्रक्रिया झालेली आहे, तरी हुकांचे काम मी पूर्वीप्रमाणे केले तर चालेल काय.

“ते बायांना इचारावं लागंल, सर,” त्या म्हणाल्या. “कापडं त्यांची हायेत.”

हे योग्य आहे. मी तेल आणून दिले.

हे मृत्युपत्र मी वाचून, समजून व स्वखुशीने केले असून साक्षीदारांनी माझ्यादेखत व मी त्यांच्यादेखत सही केली आहे.

माधव त्र्यंबक निसळ (सही)

साक्षीदार:
१. राधाकृष्ण बाळाजी जेजुरकर (सही)
२. गोजरबाई रंगनाथ थोरात (सही)

स्थळ: कोल्हार बुद्रुक
दिनांक: ९ मार्च २०२५, रविवार

त्याच दिवशी, सायंकाळी सहा वाजता: खोली व माझे घर यांमधील दारास माझ्या बाजूने कुलूप लावले. त्या कुलपाची किल्ली आणि रस्त्याकडील दाराच्या दोन्ही किल्ल्या झुंबरबाई पुंजाराम म्हसे यांना परत केल्या.