उंबरखोलची उतरण

९ नोव्हेंबर, रविवार

घेतली! अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, स्वतःच्या नावावर. अकरा वर्षं वापरलेली, दोन दारांची छोटी फोर-बाय-फोर. वजन जेमतेम एक टन. रंग विकणाऱ्याच्या मते मिलिटरी हिरवा, माझ्या मते पाण्याच्या टाकीच्या तळाचा.

भावेशच्या गाडीशेजारी उभी केली तर तिनं घातलेलं अंडं वाटते. भावेश म्हणजे माझ्या नवऱ्याचा, प्रितेशचा, शाळेपासूनचा दोस्त. वडिलांच्या भातशेतीवर गोदामं उभी राहिली तेव्हापासून दर तीन वर्षांनी गाडी मोठी करतो. आमची गल्ली मात्र तेवढीच आहे. तो आला की आम्ही सगळे भिंतीला चिकटून उभे राहतो.

सासूबाईंनी नारळ फोडला, चाकांखाली लिंबं ठेवली. चारांपैकी तीन मी पहिल्या झटक्यात चिरडली. चौथं घरंगळत गटारात गेलं. चालायचंच.

११ नोव्हेंबर

गाडी का घेतली ते फक्त इथं लिहिते. बाहेर सांगितलंय की सदरासाठी मसाला गोळा करत फिरायचंय. वीस वर्षं साप्ताहिकातून अख्ख्या भिवंडीची टर उडवतेय, त्यामुळे लोकांनी लगेच विश्वास ठेवला.

खरं कारण प्रितेशचे डोळे. काचबिंदू. डावा दोन वर्षांपूर्वीच गेला, तेव्हापासून गाडी चालवणं बंद. उजव्याबद्दल गणपतीत डॉक्टरीणबाई म्हणाल्या — नळीतून बघितल्यासारखं मधलं तेवढं दिसतंय, तेही किती दिवस ते सांगता येत नाही. पुढची तपासणी डिसेंबरात.

वीस वर्षं दर हिवाळ्यात हा माणूस भावेश आणि मंडळींबरोबर उंबरखोलला तंबू ठोकायला जायचा. मोखाड्याच्या पलीकडची दरी. वर डांबर संपतं, मग चार किलोमीटर नुसती उतरण, खाली ओढा, ओढ्यापलीकडं माळ. मोबाइलला रेंज नाही — म्हणून तर स्वर्ग! रस्ता शोधून काढला प्रितेशनंच. डावा डोळा गेल्यावर मंडळींनी बोलवायचं बंद केलं. "त्याला उगाच त्रास नको, वहिनी." माणसाला वाळीत टाकायची ही नवी, सभ्य पद्धत. पाटी लागत नाही, फक्त फोन येत नाही.

प्रितेश कधी काही मागत नाही. पण दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी चहा पिता पिता म्हणाला, "एकदा उंबरखोल बघून घ्यायला हवं." आणि बशी खाली ठेवली. एवढंच.

मी त्याच दुपारी लतीफभाईंच्या गॅरेजला गेले. नजर आहे तोवर त्याला ती दरी दाखवायची. बाकी सदर-बिदर सब झूठ.

१६ नोव्हेंबर

लतीफभाईंनी गोदामांमागच्या मोकळ्या जागेत टँकरभर पाणी ओतून माझ्यासाठी खास चिखल केला. साठीचा माणूस, पण चिखल बघून डोळे लहान मुलासारखे चमकले.

मी तीनदा रुतले. चौथ्यांदा निघाले. ते एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होते — "वहिनी, ही गाडी ताकदीवर नाय जात, हलकी आहे म्हणून जाते. जड गाडी चिखलात बसते, ही वरच्या वर निघून जाते. इसका वजन बढाया, तो समझो इसका हुनर गया."

लाल शाईनं लिहून ठेवलं. घरी आले तेव्हा भुवयांपर्यंत चिखल. सासूबाई म्हणाल्या, "लावनी करून आलीस का गो?"

२३ नोव्हेंबर

भावेशच्या पुतण्याची हळद. स्पीकरची भिंत एवढी मोठी की पोटातलं मटण नाचत होतं. भावेश सगळ्यांसमोर म्हणाला, "वहिनी, तुमच्या गाडीत आमच्या हळदीचा एक स्पीकर पन मावनार नाय!" लोक हसले. मी पण हसले. त्याच्या अडीच टनी धुडाला दोन वर्षांपूर्वी उंबरखोलच्या पहिल्याच वळणावर उलटं यावं लागलं होतं, हे मला माहीत आहे. सदरात येईल. नाव बदलून — म्हणजे लोकांना ओळखायला सोपं.

३० नोव्हेंबर

पडघ्यावरून पार अकलोलीपर्यंत जाऊन आले. प्रितेश शेजारी. मान समोर, हात मांडीवर, कान गाडीला. "तिसरा टाक, रडतेय ती." टाकला. रडायची थांबली. बावीस वर्षं हा माझ्या मनातलं ओळखत नाही, गाडीच्या मनातलं बरोबर कळतं.

चालवणं जमतंय. हे मी नम्रपणे लिहीत नाहीये.

४ डिसेंबर

प्रितेश हल्ली शिस्तीचा झालाय. खुर्ची हातभर सरकवली तरी ओरडतो. माझं सदरही मलाच मोठ्यानं वाचायला लावतो. म्हणे, तुझ्या आवाजात शिव्या जास्त लागतात. लग्नाच्या बावीस वर्षांनी मिळालेलं पहिलं वाङ्मयीन कौतुक.

१२ डिसेंबर, शुक्रवार

उद्या पहाटे निघायचं. माझी यादी: तंबू, दोन पांघरुणं, पाणी, छोटी शेगडी, तांदूळ, अंडी. संपली यादी.

मग सासूबाई आल्या. दरीत पाड्यावर लडकू राहतो. प्रितेश इतकी वर्षं त्याच्याच दारावरून गेला, त्याच्याकडं जेवला. आणि आम्ही त्याच्याकडं नुसते जाणार? "खाली हातानं कोनाच्या दारात जायाचा नसतं गो." मग दहा किलो तांदूळ. सुके बोंबील, जवळा — डबाबंद, तरी गाडीला आता आयुष्यभर बंदराचा वास येणार. नारळ अकरा. जुन्या गोधड्यांचं गाठोडं. मोठा टोप, कारण छोट्या टोपात केलेलं जेवण म्हणजे पाहुण्याचा अपमान. दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, "प्रितेश खाली कसा बसंल?" आणि सगळ्यात शेवटी, दोन्ही हातांनी पोटाशी धरून — पाटा-वरवंटा.

मी म्हटलं, आई, दगड?

"थय मिक्सर चालाचा न्हाय. मंग वाटन कशाव वाटशील?"

बिनतोड. लाल शाई आठवली, पण या घरात आजवर कोणी पाहुणा म्हणून निघताना रिकामं गेलेलं नाही, आणि सुरुवात करायची हिंमत माझ्यात नाही. सगळं भरलं. गाडीचं मागचं अंग ओळंबलं. दुसऱ्याच्या घरी जाताना आगरी माणूस आपलं घर बरोबर नेतो.

१३ डिसेंबर, शनिवार. उंबरखोल, दुपार

पोचलो. पोचलो!! बॉनेटवर वही ठेवून लिहितेय, अक्षर माफ.

शहापूर, कसारा, मग डावीकडं. डांबर संपलं तिथं गाडी थांबवली, लो गिअर टाकला, आणि खाली बघितलं. रस्ता म्हणायची पद्धत आहे म्हणून रस्ता. मी म्हटलं, बदलू या का बेत. प्रितेश म्हणाला, "पहिलं वळण उजवीकडं आवळ, दगड बाहेर आलाय. दुसऱ्याला सोडून दे, तिला कळतं." तसंच होतं. तिसऱ्या वळणाआधीच म्हणाला, आता ऐनाची झाडं लागतील, सावलीत माती ओली असेल, ब्रेक मारू नकोस. लागली ऐनाची झाडं. नवरा म्हणजे जुना नकाशा, घडीवर थोडा फाटलेला.

चार किलोमीटर मी एकदाही किंचाळले नाही. नोंद असावी.

आणि ओढ्यात अडकलो. पुढची चाकं ओढ्याच्या मधोमध गेली, मागची रेतीत बसली. पाट्याच्या बाजूनं! मागं वळून बघितलं तर वरवंटा माझ्याकडं बघत होता. ॲक्सिलरेटर दाबला, अजून खाली. लतीफभाई बारा गावांपलीकडं असूनही त्यांचा आवाज स्वच्छ ऐकू आला.

प्रितेश शांतपणे म्हणाला, "आधी माझ्या आईला उतरव."

तर सासूबाईंना उतरवलं. म्हणजे तांदूळ, नारळ, टोप, गोधड्या, खुर्च्या, सगळं एकेक करून काठावर. पाटा दोघांनी मिळून उचलला. मागचं अंग बोटभर वर आलं. चाकांतली हवा कमी केली. मग प्रितेश पँट दुमडून काठी घेऊन ओढ्यात उतरला. मी ओरडले, अरे घसरशील. त्यानं ऐकलं नाही. ओढा पायांनी चाचपत दोनदा आडवा पार केला, हळू, म्हशीसारखा. परत येऊन बॉनेटच्या कडेवर हात ठेवला.

"डाव्या बाजूला पाण्याखाली कातळ आहे. डावं चाक त्याच्यावर ठेव. उजवीकडं बघूच नकोस, तिथं नुसती रेती."

मला कातळ-बितळ काही दिसत नव्हतं. गढूळ पाणी. मी म्हटलं, नक्की?

"दिसतंय मला. ये."

माझा हात आपोआप स्टिअरिंगवर फिरला. तो बॉनेटवर हात ठेवून उलटा चालत होता, वरातीत घोड्यापुढं नाचणाऱ्या मामासारखा. "डावं. अजून. आता सोड." चाक कशावर तरी टणकन चढलं, आणि गाडी — माझी गाडी! — शेळीसारखी वर उडाली.

मी उतरून तिच्या दाराचा मुका घेतला. साक्षीदार: एक नवरा, अकरा नारळ.

१४ डिसेंबर, रविवार. सकाळ

लडकू आणि त्याची बायको हौसा काल संध्याकाळीच सामान न्यायला ओढ्यावर आले. हौसानं पाटा बघितला आणि खूश! त्यांचा गेल्या पावसाळ्यात फुटला होता. सासूबाईंना हे कळता कामा नये. पुढची तीस वर्षं ऐकावं लागेल.

रात्री लडकूकडं बोंबलाचं कालवण आणि भात. पाट्यावरचं वाटण. कबूल करते, मिक्सर झक मारतो.

आत्ता माळावर बसलोय, प्रितेश खुर्चीत, मी दगडावर. समोर कडा. प्रितेश सांगतोय — खालून वर बघत जा, आधी काळा पट्टा, मग पिवळसर, मग मधे भेगेत पिंपळ. दुपारी चारला ऊन तिरकं झालं की पिवळा पट्टा पेटतो. कड्याच्या पोटाला आग्यामोहोळाची सहा पोळी आहेत बघ. मी मोजली. चारच. तो म्हणाला, तुझी नजर कच्ची. लडकूला विचारलं. "सा व्हती. दोन गेली उन्हाल्यात." मग प्रितेश हसला, म्हणाला, अंतर फार आहे, चुकतं कधी कधी.

सकाळभर बोलत होता. दोन वर्षांत इतकं बोलला नव्हता. मी वहीत तोंड खुपसून बसल्येय, कारण डोळ्यांत पाणी आणणं हा माझा धंदा नाही.

वेळेत आणलं त्याला. हे मी केलं.

१५ डिसेंबर

परतीची चढण पाऊण तासात! रिकामी गाडी, ओढ्यात तर नुसती चाकं धुवायला उतरल्यासारखी गेली.

भावेश दारात वाट बघत होता. गाडीभोवती फिरला, चाकांवरची माती नखानं खरवडून बघितली, बनावट निघते का म्हणून. मग म्हणाला, "खरंच उतरलात, वहिनी? ओढा पन?" मी म्हटलं, ओढा पण. मग प्रितेशकडं वळून, "जानेवारीत येशील का रे आमच्यासोबत? रस्ता तुलाच म्हायती." प्रितेश म्हणाला, बायकोला विचार, गाडी तिची.

मी आज साडेपाच फूट नाही, आठ फूट आहे.

१७ डिसेंबर

सदर लिहिलं. एका गोदामवाल्याची गाडी वळणावर अडते आणि एक अंडं पुढं निघून जातं. प्रितेशला वाचून दाखवलं. फार हसला.

२२ डिसेंबर, सोमवार

तपासणी झाली. डॉक्टरीणबाईंनी दिवा डोळ्याजवळ नेला, लांब नेला, पुन्हा जवळ आणला. मग खुर्ची ओढून बसल्या. विचारलं, उजव्याचं कधीपासून? मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात तो म्हणाला, "दिवाळीपासून. उजेड हाय की अंधार, एवढंच कळतं."

दिवाळी ऑक्टोबरात झाली.

मी त्याला दरी दाखवायला नेलं होतं.